घरच्या वाय-फायला कडी-कोयंडा : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच धास्ती आहे : शेजारपाजारचे कोणी फुकटात आपले वाय-फाय वापरत तर नाही ना? धास्ती अगदीच खोटी नाही. पण घरात शिरणारा बहुधा शेजारी नसतो. तो कुठल्या तरी दूरच्या यंत्रावरचा प्रोग्राम असतो, आणि तो पासवर्ड फोडण्याऐवजी उघडे राहिलेले मागचे दार शोधतो. उत्तरे वाचताना हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : राउटरच्या पानावर अकरा उपकरणे दिसतात, घरात मोजली तर सातच भरतात. एकाचे नाव ‘एस्प्रेसिफ’ आहे, दोघांना नावच नाही. पासवर्ड बदलून पाहिला, तरी दोन दिवसांनी तीच नावे परत आली. कोणी घुसले आहे का?

उत्तर : एस्प्रेसिफ हे चोराचे नाव नव्हे, चिप बनवणाऱ्या कंपनीचे आहे. वाय-फायवर चालणारे बल्ब, प्लग, छोटे सेन्सर यांत तिच्या चिपा सर्रास असतात, आणि राउटर उपकरणाऐवजी चिपेच्या कंपनीचे नाव दाखवतो. घरात स्मार्ट बल्ब असेल तर एक कोडे इथेच सुटले.

बिननावाची दोन उपकरणे बहुधा तुमचेच फोन असावेत. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन आपला खरा मॅक ॲड्रेस, म्हणजे वाय-फायवरचा ओळखीचा पत्ता, सांगत नाही, प्रत्येक वाय-फाय नावासाठी वेगळा बनावट पत्ता वापरतो. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला तुम्ही वेगवेगळी नावे दिली असतील, तर एकच फोन यादीत दोनदा दिसतो. बनावट पत्ता ओळखण्याची खूण सोपी आहे : पत्त्यातले दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी असते. शिवाय लॅपटॉप केबलनेही जोडत असाल तर त्याच्याही दोन नोंदी होतात. आणि बऱ्याच राउटरांच्या यादीत निघून गेलेले उपकरणही काही काळ, बहुधा दिवसभर, तसेच पडून असते.

नक्की शोधायचे तर अंदाज बांधत बसू नका. पासवर्ड बदला, राउटर बंद करून पुन्हा चालू करा, आणि मग एकेक उपकरण आत घ्या. प्रत्येक वेळी यादी ताजी करून नवी ओळ कोणाची ते लिहून ठेवा. बहुतेक राउटरांत त्या ओळीला स्वतःचे नाव देता येते, ‘आईचा फोन’, ‘दिवाणखान्यातला टीव्ही’ असे. तासाभराचे काम आहे, पण एकदाच करावे लागते. नवा पासवर्ड कोणालाही न सांगता, एकही उपकरण न जोडता यादीत काही उगवले, तर मात्र मामला गंभीर. मग पुढचे उत्तर आणि राउटर धुऊन काढण्याचे उत्तर, दोन्ही वाचा.

प्रश्न : माझा वाय-फाय पासवर्ड वीस अक्षरी आहे. तरीही डब्ल्यूपीएस बंद करा, असा आग्रह का धरतात?

उत्तर : डब्ल्यूपीएस म्हणजे पासवर्ड न भरता, पिनने किंवा बटणाने उपकरण जोडण्याची राउटरची सोय. ते दार तुमच्या वीस अक्षरांना विचारतच नाही. डब्ल्यूपीएसच्या पिनमध्ये आठ आकडे असतात. कागदावर दहा कोटी शक्यता. पण आठवा आकडा आधीच्या सातांवरून हिशेबाने निघतो, म्हणजे तो धरायचाच नाही. त्याहून मोठी चूक अशी, की राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो आणि पहिले चार आकडे चुकले की तिथेच तसे सांगून टाकतो. पहिल्या तुकड्याच्या १०,०००, दुसऱ्याच्या १,०००. झाल्या ११,००० शक्यता. एका प्रयत्नाला तीन सेकंद धरले तरी नऊ-सव्वानऊ तासांत सगळ्या संपतात. २०११ च्या अखेरीस हे उघड झाले. पिन जुळला की राउटर स्वतःहून वाय-फायचा पासवर्ड हातात ठेवतो, तो वीस अक्षरी असो की साठ.

पुढे कंपन्यांनी काही चुकांनंतर कुलूप लागण्याची सोय केली, पण सगळ्यांनी सारखी नीट केली नाही. काही राउटरांत तर पिन बनवतानाचे ‘यादृच्छिक’ आकडेच कच्चे निघाले, तिथे तासही लागत नाहीत.

बटण दाबून जोडण्याचा प्रकार वेगळा : बटण दाबल्यावर दोन मिनिटेच दार उघडे राहते. त्याचा धोका कमी आहे, पण सेटिंगमध्ये पिन आणि बटण यांचे दोन वेगळे पर्याय असतात हे पाहा. पुष्कळ जण बटण बंद करतात आणि पिन तसाच चालू राहतो. बंद केल्यावर नवा प्रिंटर किंवा रिपीटर जोडताना पासवर्ड हाताने भरावा लागेल, एवढीच काय ती गैरसोय.

प्रश्न : चांगला वाय-फाय पासवर्ड म्हणजे नेमका कसा? फोन नंबर ठेवला तर लक्षात राहतो. दर महिन्याला बदलायचा का?

उत्तर : फोन नंबर नको. का, ते आकड्यांत पाहू.

डब्ल्यूपीए२ या वाय-फाय सुरक्षेच्या पद्धतीत हल्लेखोर तुमच्या दारात बसून पासवर्ड टाकत नाही. तुमचा फोन राउटरशी जोडला जातो त्या क्षणी चार संदेशांची देवाणघेवाण होते. ती तो हवेतून टिपतो, घरी नेतो आणि तिच्यावर निवांत अंदाज चालवतो. राउटरला याची गंधवार्ताही नसते, त्यामुळे ‘तीन चुका झाल्या की बंद’ असली कुलपे इथे निरुपयोगी. प्रत्येक अंदाजासाठी ४,०९६ फेऱ्यांचे गणित करावे लागते, म्हणून वेग थोडा कमी होतो. तरी आजचे एक दमदार ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या घरात अंदाज तपासते.

तो वेग धरून हिशेब करा. आठ आकडी पासवर्ड, म्हणजे जन्मतारीख वगैरे : दहा कोटी शक्यता, शंभर सेकंद. दहा आकडी फोन नंबर : तीन तासांच्या आत. आठ लहान इंग्रजी अक्षरे, तीही खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडलेली : अडीच दिवस. तशीच बारा अक्षरे : तीन हजार वर्षे. आठवरून बारावर जाताना फक्त चार अक्षरे वाढली, पण शक्यता साडेचार लाख पटींनी वाढल्या. म्हणून ‘ए’च्या जागी ‘ॲट’चे चिन्ह आणि शेवटी उद्गारचिन्ह असले चाळे करण्यापेक्षा लांबी वाढवा. ती अदलाबदल फोडणाऱ्या प्रोग्रामांना पाठ असते.

लक्षात राहावा आणि तरी मजबूत असावा, तर फाशांची पद्धत उत्तम. ७,७७६ शब्दांची क्रमांकित यादी घ्या. इंग्रजीत अशा याद्या मोफत मिळतात. फासा पाच वेळा टाकला की एक शब्द ठरतो, कारण सहाचा पाचवा घात ७,७७६ होतो. असे पाच शब्द काढा. वरच्या वेगाने एका कार्डाला ते धुंडाळायला नऊ लाख वर्षे लागतील. चारच शब्द घेतले तर एकशे सोळा वर्षे, आणि कार्डे शंभर लावली तर सव्वा वर्ष. म्हणून पाच. इथे हमखास चुकते ती गोष्ट म्हणजे शब्द मनाने निवडणे. ‘मला सुचलेले’ पाच शब्द बहुधा म्हण, गाण्याची ओळ किंवा मुलांची नावे निघतात, आणि फोडणाऱ्यांच्या यादीत ती आधीच असतात. मराठी शब्द रोमन लिपीत लिहायला हरकत नाही, पण निवड फाशानेच. आणि पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचाच चालतो, त्यामुळे फार लांब शब्द आले तर मोजून घ्या.

वाय-फायचे नावही बदला. पासवर्डपासून किल्ली बनवताना हे नाव त्यात मिसळले जाते. कारखान्यातून आलेल्या सर्वसाधारण नावांसाठी गणित आधीच करून ठेवलेल्या याद्या उपलब्ध आहेत, वेगळ्या नावाला त्या लागू पडत नाहीत. नावात आडनाव किंवा घर क्रमांक घालू नका, म्हणजे झाले.

दर महिन्याला बदलण्याची गरज नाही. वारंवार बदलायला लावले की माणूस शेवटचा आकडा एकने वाढवतो, दुसरे काही करत नाही. बदलायचा तो पाहुण्यांत पसरला, फोन हरवला किंवा संशय आला तेव्हा.

प्रश्न : वाय-फायचे नाव लपवून ठेवले आहे आणि मॅक फिल्टरही लावला आहे. एवढे पुरे ना?

उत्तर : या दोन्हींवर आमचा विश्वास नाही. नाव लपवले तरी तुमचा फोन जोडला जाताना ते उघडपणे उच्चारतोच, ऐकणाऱ्याला काही सेकंद थांबावे लागते एवढेच. उलट तोटा असा, की लपवलेले नेटवर्क शोधण्यासाठी फोन बाहेर, बसमध्ये, बाजारातही ‘अमुक नावाचे नेटवर्क आहे का?’ असे पुकारत राहतो. मॅक फिल्टर ठरावीक मॅक ॲड्रेसनाच आत घेतो, पण हा ॲड्रेस तर प्रत्येक संदेशावर सांकेतिक न करता छापलेला असतो. तो पाहायचा आणि आपल्या यंत्राला लावायचा, मिनिटाचे काम. आणि फोन पत्ते बदलू लागल्यापासून हा फिल्टर चोराऐवजी घरच्यांनाच बाहेर ठेवतो. दोन्ही काढून टाका.

प्रश्न : सुरक्षेच्या यादीत पाच-सहा पर्याय आहेत. डब्ल्यूपीए३ निवडले तर जुना प्रिंटर जोडला जात नाही. म्हणून सगळ्यात जुना पर्याय निवडला, तर आता इंटरनेटच रखडते.

उत्तर : दोन्ही तक्रारींची मुळे त्या यादीतच आहेत.

वेप हा १९९७ चा प्रकार २००१ मध्येच फुटला, आज तो मिनिटांत उघडतो. २००३ चे डब्ल्यूपीए आणि त्याच्यासोबतची टीकेआयपी ही संदेश सांकेतिक करण्याची रीत, ही तात्पुरती डागडुजी होती. तुमचे इंटरनेट रखडण्याचे कारण हेच : वेप किंवा टीकेआयपी निवडले की नव्या पिढीचे वेग वापरता येत नाहीत, जोडणी ५४ मेगाबिटवर अडकते. कितीही महागडा राउटर असो. कुणाच्या जोडणीचा वेग बरोबर ५४ दिसत असेल तर आधी हे पाहावे.

घ्यायचा पर्याय म्हणजे डब्ल्यूपीए२ आणि एईएस ही त्याची सांकेतिक रीत (२००४ पासून), किंवा त्याहून चांगले डब्ल्यूपीए३ (२०१८). डब्ल्यूपीए३ चा मोठा फायदा असा, की संवाद टिपून घरी नेऊन अंदाज चालवता येत नाहीत. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावे लागते. जुना प्रिंटर मात्र ही नवी भाषा बोलत नाही, शिवाय डब्ल्यूपीए३ ला लागणारे व्यवस्थापन-संदेशांचे संरक्षणही त्याच्याकडे नसते. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय घेऊन पाहा. तरीही प्रिंटर अडला तर मुख्य नेटवर्क डब्ल्यूपीए३ वर ठेवा आणि प्रिंटर केबलने राउटरला जोडा. एका प्रिंटरसाठी सगळ्या घराची पातळी खाली आणू नये. मिश्र पर्यायात जुन्या पद्धतीने जोडणाऱ्या उपकरणाचा संवाद टिपता येतोच, म्हणून पासवर्ड तरीही लांबच हवा.

प्रश्न : राउटर पाच वर्षांपूर्वी बसवला, तेव्हापासून त्याला हात लावलेला नाही. आता सगळे पहिल्यापासून नीट करायचे आहे. कोणत्या क्रमाने करू?

उत्तर : या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. वाय-फायच्या पासवर्डची सगळे काळजी करतात, राउटरच्या ॲडमिन पासवर्डची कोणी नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक टाकून. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या फौजेने डाइन या कंपनीच्या डीएनएस यंत्रणेवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर, मारा केला आणि कित्येक मोठ्या वेबसाइट काही तास उघडेनाशा झाल्या. मालकांना पत्ताही नव्हता, त्यांचे कॅमेरे व्यवस्थित चालत होते.

क्रम असा. आधी राउटरच्या खालच्या लेबलचा फोटो काढा : मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती, म्हणजे ‘व्ही २’, ‘व्ही ३’ असे जे असते ते. मग राउटरच्या पानावर जा. पत्ता सहसा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तो नसेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) हा शब्द इंग्रजीत टाइप करा आणि ‘डीफॉल्ट गेटवे’समोरचा पत्ता घ्या. तिथे ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या पानाचा फोटो काढा. हे विसरलात तर फसलात : सेवा देणाऱ्याने पीपीपीओई नाव-पासवर्ड किंवा व्हीलॅन क्रमांक भरलेला असेल, तर रिसेटनंतर तो पुसला जातो आणि त्यांना फोन करेपर्यंत घरात इंटरनेट नसते. पासवर्ड ठिपक्यांत झाकलेला दिसला तर तो आधी सेवा देणाऱ्याकडून मागवून घ्या. मगच पुढे.

मॉडेलचे ताजे फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतले सॉफ्टवेअर, कंपनीच्याच साइटवरून उतरवून ठेवा, आवृत्ती लेबलशी ताडून. व्ही २ चे फर्मवेअर व्ही ३ वर घातले तर राउटरची वीट होऊ शकते, म्हणजे तो चालूच होत नाही. आता भिंतीकडून येणारी इंटरनेटची तार काढा, कॉम्प्युटर केबलने राउटरला जोडा, आणि टाचणीने रिसेटचे बटण दहा सेकंद दाबून धरा. दिवे विझून पुन्हा लागतील. आत गेल्यावर पहिले काम ॲडमिन पासवर्ड. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा, नाहीतर वाय-फाय वापरणारा प्रत्येक पाहुणा राउटरचा मालक. दुसरे काम फर्मवेअर. ते केबलवरूनच करा, आणि ती पट्टी पूर्ण होईपर्यंत वीज जाणार नाही असे पाहा. मग वाय-फायचे नाव, पासवर्ड, डब्ल्यूपीएस बंद. शेवटी फोटोतले ‘वॅन’चे तपशील भरा आणि इंटरनेटची तार परत.

जुन्या सेटिंगची फाइल जपून ठेवली असेल तर ती भरू नका. घुसखोराने बदललेल्या गोष्टी त्या फाइलमधून परत येतात.

आता तीन सेटिंगा शोधा. ‘रिमोट मॅनेजमेंट’ म्हणजे बाहेरून राउटरचे पान उघडण्याची सोय. ती बंदच हवी. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणजे बाहेरून घरातल्या ठरावीक उपकरणापर्यंत उघडलेल्या, क्रमांक दिलेल्या वाटा (पोर्ट). ती यादी रिकामी असावी, किंवा प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते तुम्हाला माहीत असावे. ३३८९ हा पोर्ट दिसला तर विंडोजचे रिमोट डेस्कटॉप थेट जगासाठी उघडे आहे, ताबडतोब काढा. ‘यूपीएनपी’ ही घरातल्या कुठल्याही प्रोग्रामला राउटरमध्ये स्वतःच खिडकी उघडू देणारी सोय आहे. बंद केल्यावर काही खेळ आणि व्हिडिओ कॉल कुरकुरतात. घरात गेम कन्सोल नसेल तर खुशाल बंद करा, असेल तर एकेक पोर्ट हाताने उघडा. चौथी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानीमनी नसते : आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत. जुन्या पद्धतीत घरातली उपकरणे राउटरच्या एकाच पत्त्याआड लपलेली असतात. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येकाला जगाला दिसणारा पत्ता मिळतो, तेव्हा त्याचे फायरवॉल चालू आहे ना हे वेगळे तपासावे लागते.

राउटर नुसता बंद-चालू करून भागत नाही का, असेही काहींनी विचारले आहे. कधी भागते, कधी नाही. २०१८ मध्ये सापडलेल्या व्हीपीएनफिल्टरने पाच लाखांवर उपकरणे पकडली होती. बंद-चालू केल्यावर त्याचे वरचे भाग पुसले जात, पण पहिला टप्पा आत टिकून राहून बाकीचे पुन्हा उतरवू शके. म्हणून फॅक्टरी रिसेट. आणि कंपनीने ज्या मॉडेलसाठी फर्मवेअर देणे थांबवले आहे, तो राउटर चांगला चालत असला तरी बदलावा.

प्रश्न : कॅमेरा आणि स्मार्ट टीव्ही गेस्ट नेटवर्कवर टाकले, तर फोनवरून टीव्हीवर चित्र पाठवता येत नाही. उपाय?

उत्तर : हा बिघाड नाही. गेस्ट नेटवर्क वेगळे असते ते याचसाठी, की तिथले उपकरण मुख्य नेटवर्कवरचे काही पाहू शकत नाही. कॅमेऱ्याचे ॲप बहुधा कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालते, त्यामुळे कॅमेरा तिथेच राहू द्या. त्याच्या पासवर्डात मात्र कसूर नको. टीव्हीसाठी तडजोड करायची : तो मुख्य नेटवर्कवर घ्या आणि त्याचे सॉफ्टवेअर ताजे ठेवा, किंवा चित्र पाठवताना फोन तेवढ्यापुरता गेस्टवर न्या. दुसऱ्या उपायातही अडचण येऊ शकते. गेस्ट नेटवर्कमध्ये ‘आयसोलेशन’ चालू असेल तर तिथली उपकरणे एकमेकांनाही दिसत नाहीत. ते बंद केले तर पाहुण्यांचे फोनही तुमच्या कॅमेऱ्याला दिसू लागतील. आम्ही टीव्ही आत आणि कॅमेरा बाहेर ठेवू.

प्रश्न : घरातल्या प्रत्येक उपकरणावर भलत्याच जाहिराती उघडतात, ओळखीच्या साइटवर गेले तरी. अँटीव्हायरसला काही सापडत नाही.

उत्तर : एक चाचणी करा. फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडा. तिथे सगळे ठीक असेल तर दुखणे राउटरमध्ये आहे. कॉम्प्युटर तपासून ते सापडणार नाही.

बहुधा डीएनएस बदललेले असेल. साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी ही वही. ती घुसखोराच्या सर्व्हरची झाली की तो म्हणेल तिकडे तुम्ही जाता. राउटरच्या ‘वॅन’ आणि ‘डीएचसीपी’ या दोन्ही पानांवर डीएनएसचे आकडे पाहा. एकच पाहून थांबू नका. ८.८.८.८, १.१.१.१ हे सार्वजनिक सर्व्हर ओळखीचे आहेत. सेवा देणाऱ्याचे आकडे त्यांच्याकडून ताडून घ्या. तिसरेच, ओळख न पटणारे काही असेल तर वर सांगितलेल्या क्रमाने राउटर धुऊन काढा, कारण आकडे तेवढे दुरुस्त केले तर ज्या वाटेने ते बदलले ती वाट उघडीच राहते. त्या काळात बँकेच्या साइटवर ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिला होता आणि तरी तुम्ही पुढे गेला होता, तर तो पासवर्ड गेला असे धरून चाला.

जाहिराती एकाच कॉम्प्युटरवर असत्या तर मात्र आधी ब्राउझरची एक्स्टेन्शने आणि साइटना दिलेली ‘नोटिफिकेशन’ची परवानगी पाहायला सांगितले असते. दहातल्या आठ तक्रारी तिथेच मिटतात, असा आमचा कयास आहे.

प्रश्न : वडिलांच्या स्क्रीनवर भोंगा वाजत इशारा आला, त्यातल्या नंबरवर त्यांनी फोन केला आणि समोरच्याने कॉम्प्युटरचा ताबा घेतला. अर्ध्या तासाने शंका आल्यावर त्यांनी फोन ठेवला. आता काय काय करावे?

उत्तर : वडिलांना रागावू नका. घाईत, भोंगा वाजत असताना भले भले फसतात. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढे त्यांना सांगून ठेवा. पुन्हा तसे पान आले तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर बंद करायचा. पुढच्या वेळी ब्राउझर ‘आधीची पाने उघडू का’ विचारेल, तेव्हा नाही म्हणायचे.

आता काम. कॉम्प्युटरचे नेट तोडा. बाकीचे सगळे दुसऱ्या उपकरणावरून करा, त्याच कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलले तर नवे पासवर्डही त्यांनाच मिळतील. पहिला फोन बँकेला. मग ई-मेलचा पासवर्ड, कारण बाकी सगळ्यांचे ‘पासवर्ड विसरलो’चे दुवे तिथे येतात. पासवर्ड बदलून थांबू नका, ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरा. ब्राउझरमधली चालू सत्राची खूण चोरली असेल तर तिला पासवर्ड लागतच नाही, सत्र संपवले तरच ती निकामी होते. मेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ पाहा : बँकेची पत्रे परस्पर दुसरीकडे वळवणारा किंवा कचऱ्यात टाकणारा नियम तिथे लावून ठेवलेला असतो. खाते परत मिळवण्याचा फोन नंबर तुमचाच आहे ना, तेही. मग दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

कॉम्प्युटरबद्दल आमचे मत स्पष्ट आहे : अर्धा तास परक्याच्या हातात होता, तेव्हा विंडोज नव्याने टाका. दूरस्थ प्रवेशाचे प्रोग्राम काढून, विंडोजच्या डिफेंडर या अँटीव्हायरसची ऑफलाइन तपासणी करून (पंधरा-वीस मिनिटे लागतात, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू होतो) बऱ्याच गोष्टी सापडतात. पण काही सापडले नाही म्हणजे काही नाही, असे त्यावरून म्हणता येत नाही. निदान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने तो तयार करा, फोटो आणि कागदपत्रे तेवढी बाहेर काढा, प्रोग्राम नको, आणि डिस्क पुसून नव्याने सुरू करा.

प्रश्न : विंडोज १० चा जुना कॉम्प्युटर आहे. अँटीव्हायरस दोन टाकले आहेत. व्हीपीएन घेतला तर सुरक्षित होईल का?

उत्तर : व्हीपीएन तुमची बाहेर जाणारी वाहतूक व्हीपीएन कंपनीपर्यंत झाकून नेतो. घरात शिरणाऱ्याला तो अडवत नाही.

दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालतात, कॉम्प्युटर मंदावतो आणि दोघांचेही लक्ष उडते. एक काढा. मुदत संपलेला असेल तर तोच काढा. विंडोजचे स्वतःचे डिफेंडर घरासाठी पुरेसे आहे.

खरी अडचण विंडोज १० ही आहे. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यानंतरची सुरक्षा-अपडेट वेगळी नोंदणी केली तरच मिळतात. अपडेटचे मोल काय, ते वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने दाखवले. ज्या भोकातून ते शिरले त्याचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिले होते, हल्ला १२ मे ला झाला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ‘नंतर करू’ म्हटले, त्यांच्या फाइलींना कुलपे लागली. कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालत नसेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाका, किंवा नेटपासून तोडून टंकलेखनापुरता ठेवा.

नव्या-जुन्या कुठल्याही कॉम्प्युटरवर अर्ध्या तासात होणारी एक गोष्ट : रोजचे काम ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून करू नका. सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स’मध्ये एक नवे खाते बनवून त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा, त्यातून एकदा आत जाऊन पाहा, आणि मगच आपले जुने खाते ‘स्टँडर्ड’ करा. क्रम उलटा झाला तर स्वतःच्याच घराबाहेर अडकाल. यानंतर एखाद्या प्रोग्रामने गुपचूप काही बसवायचा प्रयत्न केला तर पासवर्ड मागणारी चौकट समोर येते. आपण काही बसवत नसताना ती आली, तर नाही म्हणायचे. नेटवर्कचा प्रकारही पाहा : घरात कॉम्प्युटर-कॉम्प्युटरमध्ये फाइली वाटत नसाल, तर घरच्या वाय-फायलाही ‘पब्लिक’ ठेवायला काहीच हरकत नाही. त्यामुळे आतल्या एखाद्या बाधित उपकरणालाही तुमचा कॉम्प्युटर सहजी दिसत नाही.

आणि बॅकअप. बाहेरची हार्ड डिस्क कायम जोडून ठेवली तर खंडणीखोर प्रोग्राम तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. क्लाउडमधला फोल्डर आपोआप जुळत असेल तर तिथेही बिघडलेल्याच प्रती चढतात, म्हणून जुन्या आवृत्त्या परत मिळवण्याची सोय आहे का ते आधी पाहा. आठवड्यातून एकदा जोडायची, प्रत घ्यायची, तार काढून कपाटात. महिन्यातून एकदा तिच्यातली एखादी फाइल उघडून पाहायची. न उघडलेला बॅकअप आहे की नाही, हे गरज पडते त्याच दिवशी कळते.

प्रश्न : कॉम्प्युटर दुरुस्त करून आणला, तर चालू होताच ४८ आकडी किल्ली मागतो. हे कुणा हॅकरचे काम आहे का?

उत्तर : नाही. हे विंडोजचे बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेले कुलूप, आहे. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसची सेटिंग हलली की डिस्क परक्या यंत्रात गेली असे ते समजते आणि किल्ली मागते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने कॉम्प्युटर सुरू केला असेल तर किल्ली बहुधा त्या खात्यातच ठेवलेली असते. फोनवरून खात्यात जाऊन ‘डिव्हायसेस’खाली ‘रिकव्हरी की’ शोधा. पडद्यावर किल्लीच्या ओळखीची काही अक्षरे दिसतात, ती जुळणारीच घ्या, कारण खात्यात जुन्या कॉम्प्युटरच्या किल्ल्याही असू शकतात. किल्ली कुठेच नसेल तर डिस्कवरचे काहीही परत मिळणार नाही, कोणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला तरी. ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांनी आजच ते ४८ आकडे कागदावर छापून घ्यावेत, आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये.